लिब्रेऑफिस बेसची ओडीबी फाईल पायथनला जोडायची आहे (वाचनालयाचं काम आहे, मदत करा)

लालबागची_वाचक

आमच्या घराजवळ एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, शाळेत असल्यापासून तिथलीच पुस्तकं वाचत आलेय, आता नोकरी सांभाळून शनिवारी संध्याकाळी काउंटरला बसते. तिथलं दाखल रजिस्टर, सभासद, वर्गणी, देवघेव सगळं एका सभासदांनी काही वर्षांपूर्वी लिब्रेऑफिस बेस ह्या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये करून दिलंय, सगळं एकाच ओडीबी फाईलीत. साधारण ११ हजार पुस्तकं आणि साडेचारशे सभासद. फॉर्म इतके नीट केलेत, मोठी अक्षरं, ठळक बटणं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आमचे ग्रंथपाल काका कुणाला न विचारता नोंदी करतात.

मला हवंय ते एवढंच, १५ दिवसांच्या वर गेलेल्या पुस्तकांची यादी रोज सकाळी आपोआप निघावी म्हणजे फोन करता येतील, आणि मार्चमध्ये वार्षिक अहवालासाठी जे आकडे लागतात (किती वाढली, किती बाद केली, बालविभाग किती) ते हाताने मोजायला लागू नयेत. गेल्या वर्षी तीन रात्री गेल्या त्यात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मला बऱ्यापैकी येते. पायओडीबीसी (पायथनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरून बघितलं तर ड्रायव्हरच सापडत नाही. एस्क्यूलाईटने (एकाच फाईलीत चालणारा छोटा डेटाबेस) उघडून बघितली तर 'फाईल इज नॉट अ डेटाबेस'. फाईल तर डेटाबेसचीच आहे ना? विंडोज १० आहे, लिब्रेऑफिस ७.६, दोन्ही ६४ बिट.

खिडकीतली_सीट

ताई, ओडीबीसी, म्हणजे प्रोग्राम आणि डेटाबेस जोडायची सोय, तिच्यात ३२ आणि ६४ बिटचा घोळ असतो तो बघा आधी. आमच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची (तोही डेटाबेसचाच प्रोग्राम) फाईल पायथनला जोडताना दोन दिवस गेले होते ह्यात. विंडोजमध्ये ओडीबीसीची खिडकी दोन प्रकारची असते, सिस्टम३२ फोल्डरमध्ये आहे ती ६४ बिटची आणि सिसवॉव६४ मध्ये आहे ती ३२ ची, नावं बरोब्बर उलटी वाटतात. पायथन ६४ चं असेल तर ड्रायव्हरही ६४ चाच हवा. बेसचा ड्रायव्हर टाकलाय का तुम्ही?

जुनासर्व्हर

बेसच्या फाईलला असा ओडीबीसी ड्रायव्हर नसतो, म्हणून सापडणार नाही. ॲक्सेसचं गणित वेगळं, तिथे एमडीबी किंवा एसीसीडीबी फाईल हाच डेटाबेस आणि मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर ती फाईल थेट वाचतो. बेस हा मुळात दर्शनी भाग आहे: फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट. डेटा सांभाळणारं इंजिन निराळं. ओपनऑफिस २.० ऑक्टोबर २००५ मध्ये आलं तेव्हा त्यात बेस पहिल्यांदा आलं, आणि सोबत एचएसक्यूएलडीबी नावाचं जावामधलं छोटं इंजिन आत बसवून दिलं. लिब्रेऑफिस २०१० मध्ये वेगळं झालं तेव्हा तेच इंजिन सोबत आलं. आजही ते आतलं इंजिन १.८ आवृत्तीचंच आहे.

तुमची ओडीबी फाईल म्हणजे खरं तर झिप आहे. एक कॉपी करा (कॉपीच, मूळ फाईलला हात लावू नका), तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आत 'डेटाबेस' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात स्क्रिप्ट, प्रॉपर्टीज, डेटा, बॅकअप अशा फाईली असतील. तुमची ११ हजार पुस्तकं तिथे आहेत. एस्क्यूलाईटने ती वाचता न येणं साहजिक आहे.

पण आधी एक बघून सांगा, बेस उघडल्यावर खालच्या पट्टीत कुठल्या इंजिनचं नाव येतं? एचएसक्यूएलडीबी का फायरबर्ड? फायरबर्ड ४.२ पासून, म्हणजे २०१४ पासून, प्रायोगिक म्हणून आलंय. ते असेल तर पुढचं सगळं बदलतं.

लालबागची_वाचक

एचएसक्यूएलडीबी एम्बेडेड असं आहे. आणि हो, झिप करून उघडली, खरंच आत त्या चार फाईली आहेत!! इतकी वर्षं रोज उघडतोय ही फाईल आणि आत काय आहे ते आज बघितलं.

बॅकअपवाला_वडाळा

पुढे जायच्या आधी मला एक सांगू द्या, कारण हे कुणीतरी मला वेळेवर सांगायला हवं होतं. आत बसवलेलं इंजिन असतं तेव्हा बेस उघडताना झिपमधला डेटा बाहेर काढतं आणि फाईल सेव्ह होऊन नीट बंद होईपर्यंत नवीन नोंदी परत झिपमध्ये गेल्यात ह्याचा भरवसा नसतो. फॉर्मवर 'रेकॉर्ड सेव्ह' दाबलं म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं, तसं नाही ते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली होती आठवतंय ना, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. मी तेव्हा एका धर्मादाय दवाखान्याचं केसपेपरचं काम बेसमध्ये करत होतो, यूपीएसची बॅटरी कधीची संपलेली. लाईट आल्यावर फाईल उघडेना. शेवटचा बॅकअप सहा दिवसांपूर्वीचा, त्यामुळे सहा दिवसांचे पेशंट आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांवरून परत भरले, आणि काही चिठ्ठ्या मिळाल्याच नाहीत. त्यात एक आजी होत्या ज्यांच्या साखरेच्या औषधाचा डोस बदललेला त्याच आठवड्यात, त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागलं.

म्हणून ताई, पायथनचं राहू दे बाजूला, डेटा झिपच्या बाहेर काढणं हेच मुळात तुमच्या वाचनालयासाठी गरजेचं आहे. ११ हजार नोंदी परत करायच्या म्हणजे वर्ष जाईल.

जुनासर्व्हर

सहमत, पूर्ण सहमत. आणि तेच करायचंय आपल्याला. ह्याला स्प्लिट करणं म्हणतात, फॉर्म ओडीबीत राहतात आणि डेटा शेजारच्या फोल्डरमध्ये मोकळा राहतो. काकांना फरक कळणारही नाही.

आधी ओडीबीची तारीख घातलेली कॉपी पेनड्राइव्हवर, आणि एक स्वतःला ईमेल. मग सी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि मध्ये स्पेस नको, पाथमध्ये मराठी नाव टाकून नंतर डोकं धरू नका. झिपमधल्या त्या चार फाईली तिथे काढा आणि प्रत्येकाच्या नावाआधी डेटाबेसचं नाव आणि टिंब लावा. म्हणजे नुसतं 'स्क्रिप्ट' होतं ते 'वाचनालय.स्क्रिप्ट', 'डेटा' होतं ते 'वाचनालय.डेटा', असं चारही. हे टिंबाचं विसरलात तर इंजिनला जुना डेटा दिसणार नाही आणि ते निमूटपणे नवीन रिकामा डेटाबेस तयार करेल, आणि तुमची पुस्तकं उडाली असं वाटून तुम्हाला घाम फुटेल.

नंतर एचएसक्यूएलडीबीची २ च्या मालिकेतली जार (जावाच्या प्रोग्रामची फाईल) उतरवा. २.७ ला जावा ११ लागतं, जावा ८ असेल तर त्यासाठी वेगळी जार मिळते. एकदा २ ने डेटा उघडला की तो नव्या रूपात जातो, परत १.८ ने उघडणार नाही, म्हणून मघाची कॉपी महत्त्वाची.

लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, क्लास पाथ इथे ती जार जोडा आणि लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून परत चालू करा. मग नवीन डेटाबेस करताना 'आधीच्या डेटाबेसला जोडा' निवडून जेडीबीसी (जावामधून डेटाबेसला जोडायची रीत) घ्या. पत्त्याच्या चौकटीत 'जेडीबीसी:' हे आधीच लिहिलेलं असतं, ते परत टाईप करू नका. त्यापुढे लिहायचं एचएसक्यूएलडीबी:फाईल:सी:/वाचनालय/वाचनालय;डिफॉल्ट_स्कीमा=ट्रू;शटडाऊन=ट्रू;गेट_कॉलम_नेम=फॉल्स (सगळं अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत, आणि विंडोज असलं तरी स्लॅश पुढे झुकलेला). शेवटचं गेट_कॉलम_नेम नसेल तर क्वेरीत कॉलमला जे टोपणनाव देता ते बेसला दिसत नाही. ड्रायव्हर क्लास ओआरजी.एचएसक्यूएलडीबी.जेडीबीसी.जेडीबीसीड्रायव्हर. युजर एसए (इंजिनचा मुख्य युजर), पासवर्ड रिकामा.

शाई_आणि_कागद

एवढा खटाटोप कशाला पण, सगळा डेटा एस्क्यूलाईटमध्ये न्या. पायथनमध्ये ते आधीच असतं, जावा नको, जार नको, एकच फाईल, कॉपी केली की बॅकअप झाला. मी दोन सोसायट्यांचं मेंटेनन्स बिलिंग तसंच करतोय, कधी त्रास नाही.

जुनासर्व्हर

एस्क्यूलाईट उत्तम आहे, नव्याने सुरुवात करणाऱ्याला मीही तेच सांगेन. पण इथे फॉर्म आहेत, आणि त्या फॉर्मवर काकांचा हात बसलाय. एस्क्यूलाईटला बेस जोडायचं तर परत ओडीबीसी ड्रायव्हर आणा, तारखांना तिथे स्वतंत्र प्रकार नाही त्यामुळे फॉर्ममधली तारखेची चौकट तपासा, आपोआप वाढणारा दाखल क्रमांक तपासा. इंजिन तेच ठेवलं तर ह्यातलं फारसं काही करावं लागत नाही. जो माणूस रोज सहा तास त्या स्क्रीनसमोर बसतो त्याची सोय आधी, आपली प्रोग्राम लिहिणाऱ्यांची नंतर.

शाई_आणि_कागद

हे पटलं. फॉर्मचा विचार मी केलाच नव्हता, माझ्याकडे फॉर्म वापरणारा मीच आहे.

लालबागची_वाचक

रविवारी सकाळी वाचनालय बंद असतं तेव्हा जाऊन बसले. स्प्लिट झालं! जुनी ओडीबी आणि नवीन ओडीबी शेजारी शेजारी उघडून फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट एकेक करून कॉपी पेस्ट केले. दाखल रजिस्टरचा शेवटचा क्रमांक दोन्हीकडे सारखा आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता पायथन. जेडीबीएपीआय नावाची लायब्ररी मिळाली (स्पेलिंगमध्ये मध्ये 'ए' आणि 'वाय' आहे, जे-ए-वाय पासून सुरू होते), ती जेपाईप वापरून जावाला हाक मारते. पण दोन एरर आहेत. एक, 'डेटाबेस लॉक ॲक्विझिशन फेल्युअर'. दुसरी, बेस बंद केल्यावर पहिली जाते पण मग 'युजर लॅक्स प्रिव्हिलेज ऑर ऑब्जेक्ट नॉट फाउंड' येते. पासवर्ड रिकामाच ठेवलाय, मग परवानगी कसली मागतंय?

माटुंगा_रोड

दुसरीचं मी सांगते, परवानगीशी काही संबंध नाही तिचा, शब्दांवर जाऊ नका. तुमच्या टेबलचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत आहे ना? एस्क्यूएलमध्ये (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) नाव अवतरणचिन्हाशिवाय लिहिलंत की एचएसक्यूएलडीबी ते सगळं कॅपिटल करून शोधतं. बेसने टेबल बनवताना तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं नाव ठेवलेलं असतं. म्हणून टेबल आणि कॉलमचं प्रत्येक नाव दुहेरी अवतरणात टाका, आणि मजकूर, म्हणजे लेखकाचं नाव वगैरे, एकेरी अवतरणात. कॉलमची नावं मराठीत असतील तर तीही दुहेरीतच. पायथनमध्ये पूर्ण क्वेरी तिहेरी अवतरणात लिहिलीत की गोंधळ होत नाही.

आणि थकीत पुस्तकांसाठी सगळ्या नोंदी पायथनमध्ये ओढून तारखा वजा करत बसू नका, दिवसांचा फरक डेटाबेसलाच काढू द्या, डेटडिफ आहे त्यात. परत आलेल्या पुस्तकांची तारीख भरलेली असेल, तर जिथे ती रिकामी आहे तेवढ्याच नोंदी घ्या.

जुनासर्व्हर

पहिल्या एररचं. फाईल: अशी सुरुवात करून जोडलं की त्या वेळी एकच प्रोग्राम आत जाऊ शकतो. इंजिन शेजारी एलसीके नावाची कुलुपाची फाईल ठेवतं, बेस आत असेल तर पायथन बाहेर. ती फाईल डिलीट करून घुसायला जाऊ नका, ते कुलूप तुमच्याच भल्यासाठी आहे.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधी यादी काढणार असाल तर असंच चालेल. पण काका नोंदी करत असताना पण चालायला हवं असेल तर सर्व्हर मोड. तीच जार, तीच डेटाची फाईल, फक्त जावाने ओआरजी.एचएसक्यूएलडीबी.सर्व्हर.सर्व्हर हा क्लास चालू करायचा, त्याला डेटाबेसचा पाथ आणि एक छोटं नाव द्यायचं. तो ९००१ पोर्टवर ऐकत बसतो. मग बेस आणि पायथन दोघांच्या पत्त्यात फाईल: च्या जागी एचएसक्यूएल://लोकलहोस्ट/ आणि ते छोटं नाव, आणि शटडाऊन=ट्रू काढून टाका. आता कुलूप सर्व्हरकडे, बाकी सगळे त्याच्याकडे मागणार.

दोन गोष्टी मात्र कराच. एसएचा पासवर्ड रिकामा ठेवू नका, बेसच्या टूल्समधल्या एस्क्यूएलच्या खिडकीतून लगेच बदला. आणि सर्व्हरला पत्ता १२७.०.०.१ द्या म्हणजे तो त्याच कॉम्प्युटरपुरता राहील. वाचनालयात वायफाय असेल आणि मुलं अभ्यासिकेत लॅपटॉप घेऊन बसत असतील तर साडेचारशे सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर उघड्यावर ठेवल्यासारखं होईल. लोकांनी विश्वासाने दिलेत ते.

बॅकअपवाला_वडाळा

आणि वीज गेली तरी आता एवढी भीती नाही. २ च्या मालिकेत झालेला बदल अर्ध्या सेकंदाच्या आत लॉग फाईलमध्ये लिहिला जातो, परत चालू केल्यावर इंजिन ती लॉग वाचून स्वतःला सावरतं. तरी यूपीएसची बॅटरी बदला. आणि बॅकअप घेताना सर्व्हर चालू असताना फोल्डर कॉपी करू नका, आधी शटडाऊन ही एस्क्यूएल आज्ञा द्या, मग कॉपी. मी रात्री बंद करायच्या आयकॉनमध्येच दोन्ही बसवलंय, शटडाऊन आणि मग तारखेच्या फोल्डरमध्ये कॉपी.

लालबागची_वाचक

अवतरणचिन्हांनी काम झालं, पहिली यादी आली, ३७ पुस्तकं थकीत. पण एक विचित्र प्रकार. नावात 'दऱ्या' असलेलं एक पुस्तक आहे, मला समोर दिसतंय, पण पायथनमधून शोधलं की मिळत नाही. स्क्रीनवर अक्षरं अगदी सारखी. आणि यादी नावाप्रमाणे लावली की 'ळ' भलत्याच जागी येतो.

माटुंगा_रोड

हा आपल्या मराठीचा खास प्रश्न आहे आणि मला ह्याबद्दल फार आपुलकी आहे, जरा लांबलं तर चालवून घ्या.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. दुसऱ्यातला तो अर्धा र, डोळ्याच्या पापणीसारखा, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) दोन रीतींनी टाईप होतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ (०९३१) आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याला जोडून झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं अक्षर. स्क्रीनवर दोन्ही एकच दिसतात, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. काकांच्या कीबोर्डवरून एक येत असेल आणि तुमच्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून दुसरं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन एनएफसी (एकच अक्षर वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं एका रूपात आणायची पद्धत) लावलंत तरी हे दोन एक होत नाहीत, मी करून बघितलंय. हाताने बदलायला लागतं, शोधायच्या आधी र, हलन्त, जॉइनर असं दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त टाकायचं, डेटात एकदा आणि शोधशब्दात दरवेळी.

क्रमाचं म्हणाल तर काही खास सांगितलं नसेल तर क्रम अक्षरांच्या नंबरवर लागतो. ल ०९३२, ळ ०९३३, व ०९३५. म्हणजे ळ आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात ह नंतर येतो तो इथे ल आणि व च्या मध्ये घुसतो. क्ष आणि ज्ञ तर वेगळी अक्षरं नाहीतच तिथे, क्ष क मध्ये जातो आणि ज्ञ ज मध्ये. त्यामुळे 'ज्ञान' ने सुरू होणारी पुस्तकं यादीच्या शेवटी शोधणाऱ्याला ती मिळणारच नाहीत. पायथनमध्ये यादी लावताना स्वतःची क्रमाची किल्ली (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) लिहा: क्ष आणि ज्ञ ह्या जोड्या आधी ओळखायच्या, मग ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम द्यायचा. वीसेक ओळींचं काम आहे.

खिडकीतली_सीट

हे वाचून आठवलं, आमच्याकडे २००१ ची ॲक्सेस ९७ ची फाईल आहे, मंडळाच्या जुन्या सभासदांची. उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा लगदा दिसतो. तिचं काही होईल का?

जुनासर्व्हर

होईल. ॲक्सेस ९७ मध्ये युनिकोड नव्हतं, ते ॲक्सेस २००० पासून आलं. तेव्हा मराठी श्रीलिपी, आकृती, सुरेख अशा फॉन्टवर चालायचं, आत साठवलेलं इंग्रजी अक्षर आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवायचा. ॲक्सेस २०१३ पासून ९७ ची फाईल उघडतच नाही, त्यामुळे लिनक्सवरचं एमडीबीटूल्स घेऊन आधी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) काढा. मग कुठला फॉन्ट होता ते शोधून त्याचाच कन्व्हर्टर. साधं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही कारण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. प्रत्येक नाव डोळ्यांनी तपासा, लोकांची नावं आहेत. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

लालबागची_वाचक

कालचा शनिवार. सर्व्हर मोड चालू आहे, पासवर्ड टाकलाय, पत्ता १२७.०.०.१. यूपीएसची नवीन बॅटरी लॅमिंग्टन रोडवरून आणली, समितीने पैसे लगेच मंजूर केले. डेस्कटॉपवर दोन आयकॉन, 'सकाळ' आणि 'रात्र', रात्र दाबलं की शटडाऊन आणि बॅकअप. क्रमाच्या किल्लीवर अजून काम चाललंय, जोडाक्षरांत अडकलेय, पण 'दऱ्या' सापडतं आता. साफ करताना कळलं की ११ हजारांत १६४ नावांत तो जॉइनर होता.

काका नेहमीसारखे आले, फॉर्म उघडला, चार पुस्तकं जमा केली, दोन दिली. मी शेजारी बसून त्याच वेळी यादी काढली आणि त्यांनी दोन मिनिटांपूर्वी जमा केलेलं पुस्तक यादीतून गेलेलं होतं. त्यांना छापून दिली तेव्हा चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, अक्षर अजून थोडं मोठं कर, आणि फोन नंबर नावाच्या शेजारीच घे, खाली नको.

माटुंगा_रोड

क्रमाची किल्ली इथे टाका, आपण मिळून बघू. जोडाक्षर आलं की हलन्तासकट तुकडा करताय का फक्त पहिलं अक्षर घेताय?